आबांच्या पोटात धुळे

माझ्या माहेरी मला आजवर कुणी कशात पहिला नंबर दिला नव्हता. त्यामुळे जळगावच्या हॉस्पिटलात डॉ. समीक्षा तायडे यांनी तपासणीचे कागद समोर ठेवून, "तुमच्या घरात सगळ्यांत चांगला रिपोर्ट बेबाबाईंचाच आहे," असं जाहीर केलं, तेव्हा मी खुर्चीत जरा ताठ बसले. पदरही सारखा केला. मग आठवलं, आपण कशात पहिल्या आलो आहोत.

शौचात.

हसू नका. त्या शौचावर माझ्या वडिलांचा जीव टांगलेला होता.

माझे वडील तोताराम, गावात सगळ्यांचे आबा. फैजपूरला केळीची बाग, वय एक्क्याऐंशी, आणि आवाज असा की बागेच्या या टोकाला ओरडले तर त्या टोकाचा माणूस आधी मोटर बंद करतो, मग विचारतो काय झालं. दिवाळीनंतर त्यांच्या छातीत कफ झाला. माझा धाकटा भाऊ कुंदन हा आमच्या घरचा बिनपदवीचा डॉक्टर. मेडिकलवाल्याशी त्याची दोस्ती आहे, आणि घरात बिस्किटांच्या डब्यात बिस्किटं सोडून सगळ्या गोळ्या आहेत. त्याने आबांना पाच दिवसांचा कोर्स दिला. खोकला राहिला, म्हणून त्याहून भारी पाच दिवसांचा. मग ओळखीच्या कंपाउंडरकडून इंजेक्शनं. कफ गेला. कफाच्या मागोमाग बाकीचंही सगळं जायला लागलं, दिवसातून बारा-पंधरा वेळा. जळगावला आणून औषध दिलं की थांबायचं, औषध संपलं की दोन आठवड्यांत पुन्हा सुरू. असं तीनदा झालं. चौसष्ट किलोचे आबा त्रेचाळीसवर आले. आवाज तर पलंगाच्या उशाकडून पायथ्यापर्यंतही पोचेना.

डॉ. समीक्षा वयाने माझ्या मुलीएवढ्या. पण केळीवाल्याला कसं समजवायचं हे त्यांना बरोबर ठाऊक.

"आबा, बागेत तणनाशक मारता?"

"मारतो नं."

"जास्त झालं तर?"

"केळी बी जळते मंग."

"आणि मोकळ्या झालेल्या जागेत आधी काय उगवतं?"

"गाजरगवत," आबा म्हणाले. "दुसरं कोन येईन?"

"तुमच्या आतड्यात तेच झालंय."

मग त्यांनी सांगितलं की माणसाच्या आतड्यात कोटींचे कोटी जंतू राहतात, आणि त्यातले बहुतेक आपल्या कामाचे. जो कोंडा, जी सालं आपल्याला पचत नाहीत, ती ते खातात आणि त्यातून आतड्याचं अस्तर पोसतात. रक्तातली साखर, अंगावरची चरबी, यातही त्यांची लुडबूड असते. शरीराच्या पहारेकऱ्यांना आपला कोण आणि चोर कोण, याचे धडेही बरेचसे तेच देतात. आणि गाजरगवताला पाय ठेवायला जागा देत नाहीत. आबांची ही सगळी फौज गोळ्यांनी मारून टाकली होती, आणि एका वाईट जंतूने मोकळं घर बळकावलं होतं.

"मंग नवी रोपं लावा," आबा म्हणाले.

सलाइन लावलेल्या अवस्थेत त्यांनी अर्ध्या मिनिटात उपचार शोधला. अडचण फक्त रोपवाटिकेची होती. ही रोपं मिळतात निरोगी माणसाच्या शौचात. ते तपासायचं, गाळायचं आणि दुर्बिणीच्या नळीने आबांच्या आतड्यात सोडायचं. बाहेरून मागवायचं तर वेळ जाणार, म्हणून देणारा शक्यतो घरातलाच बघू, असं डॉक्टर म्हणाल्या.

माझी भावजय दिपमाला हिने लगेच पदर नाकाला लावला. अजून तिथे काही आणलंही नव्हतं.

तपासण्या झाल्या. माझा मधला भाऊ पितांबर, म्हणजे दिपमालाचा नवरा, साखर आणि पोटाचा घेर या दोन विषयांत नापास. कुंदन रोज सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची गोळी घेतो, आणि या वर्षात स्वतःवरही त्याने दोन कोर्स केलेले, म्हणून तोही बाद. डॉक्टरांनी मला विचारलं, "तुम्ही काय खाता?"

"कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची. अंबाडीची नाहीतर मेथीची भाजी. ताक. कधी ज्वारीचे बिबडे भाजून, पापडासारखे."

"शेवटची अँटिबायोटिक कधी घेतली?"

मला आठवेना. आमचे हे, म्हणजे जीवराम, धुळ्याच्या एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. मला ताप आला की हे म्हणतात, "जप जराखी, बठ्ठं बरं व्हई जाई." जप म्हणजे झोप. आमच्या घरी यालाच औषधोपचार म्हणतात. यात ज्ञान किती आणि आळस किती, हे मी तीस वर्षांत विचारलेलं नाही.

तर अशी मी पास झाले. पितांबरचा चेहरा पडला. नापास झाल्याचं त्याला एवढं दुःख नसावं, पण अक्का, म्हणजे मी, पास झाले हे फार झालं.

डॉक्टरांनी आबांना सांगितलं, "देणारा मिळाला. बेबाबाई."

आबांनी डोळे मिटले. "मले नको."

आम्हाला वाटलं, किळस आली असेल. साहजिक आहे. पण किळस वगैरे शेतकऱ्याला नसते, त्याचं निम्मं आयुष्य शेणखतात जातं.

"लेकीच्या घरचं मी काई घेत नाई," आबा म्हणाले.

आता हे आमच्याकडचं समजून घ्या. लेक एकदा दिली की दिली. तिच्या दारचं खाणं म्हणजे बापाला पाप, असं आबांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं, आणि त्यांच्या वडिलांना त्यांच्या वडिलांनी. आमच्या पट्ट्यात बाकीच्यांनी हे केव्हाच सोडलं. आबांनी नाही. तीस वर्षांत धुळ्याला आले की घरून बांधून आणलेल्या दशम्या ते स्टँडच्या बाकावर बसून खातात, तोंड पुसतात आणि मग माझ्या घरी येऊन, "जेवून आलो," म्हणतात. माझ्यासाठी येताना केळीचा अख्खा घड. माझ्याकडून मात्र चिमूटभर साखरही नाही.

"आबा, हे काय तिच्या घरचं आहे का? पोटातलं आहे," कुंदन म्हणाला.

"पोटात कोठून आलं? घरूनच नं?"

डॉक्टरीणबाईंनी फाइल मिटली. बाहेर आल्यावर त्या आम्हाला म्हणाल्या, "असंच चालू राहिलं तर महिना धरून चाला. कदाचित तेवढाही नाही. सध्या औषधावर थोपवून धरू. दहा दिवसांत तुम्ही त्यांना तयार करा." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही रोज जे खाता तेच खा. गोळी कुठलीच नको."

आबांना फैजपूरला नेलं. तिथे मोतीलालकाका आले. हे आबांचे चुलतभाऊ. भाऊबंदकीतला कुठलाही तंटा यांच्यापुढे जातो आणि दुप्पट होऊन परत येतो. त्यांनी पलंगाशेजारी बसून, तंबाखू मळत, सगळं ऐकून घेतलं.

"सोपं आहे," ते म्हणाले. "अन्न ज्याच्या घरचं, माल त्याच्या घरचा. बेबाले आठ दिस इथी आना. आपली ज्वारी खाईन, आपलं पानी पिईन. मंग जे होईन ते फैजपूरचंच."

आबा विचारात पडले. मग त्यांनी मान डोलावली. माझ्या पोटात काय आहे यावर माझ्या डोळ्यांदेखत निवाडा झाला, आणि मला कुणी विचारलंही नाही. पण आबा हो म्हणाले होते. मी म्हटलं, जाऊ दे. भाकरी काय, फैजपूरलाही भाकरीच असते.

नसते. भावांनी नवा बंगला बांधल्यापासून त्या स्वयंपाकघरात भाकरी फक्त भरिताच्या पार्टीला होते, तीही करायला बाई येते. पहिल्या दिवशी दिपमालाने बासुंदी-पुरी केली. दुसऱ्या दिवशी पनीर आणि नान. तिसऱ्या दिवशी पावभाजी, वर बटरचा डोंगर.

"दिपमाला, एखादी भाकर टाक गं मला."

"अक्का, तुम्ही माहेरी येऊन भाकर खाणार? लोक मला काय म्हणतील?"

"लोक नाही, डॉक्टर म्हणतील."

"डॉक्टरांना काय माहीत माहेरपण?" असं म्हणून तिने अजून एक पाव वाढला. मायाच होती ती, दुसरं काही नाही. दिपमालाची माया तुपात तळलेली असते एवढंच.

रोज सकाळी मी बाथरूममधून बाहेर आले की पितांबर पेपरमागून विचारायचा, "ठीक?" माझ्या दोन बाळंतपणांत मिळून त्याने इतकी चौकशी केली नव्हती.

चौथ्या दिवशी ठीक नव्हतं. सकाळपासून तीनदा जाऊन आले. घरात असा हाहाकार उडाला की जणू बागेत करपा शिरला. दिपमाला रडायला लागली. कुंदन धावत बिस्किटांचा डबा घेऊन आला.

"अक्का, ही घे. एकच गोळी. जागच्या जागी बंद."

"कसली आहे?"

"पोटाची. आबांना पण आधी हीच देत होतो."

गोळी माझ्या तळहातावर होती, पाण्याचा पेला दुसऱ्या हातात. समोरच्या खोलीत आबा पांघरुणाखाली निजलेले, इतके बारीक की पांघरूणच पलंगावर पडलंय असं वाटावं. मी गोळीचं पाकीट उलटून बघितलं. नववीतून शाळा सुटली तरी वाचनालयाची पुस्तकं आणि मोबाइल यांनी मला औषधाच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचायला शिकवलं आहे.

"कुंदन, ही अँटिबायोटिक आहे. ही घेतली तर मी कमीत कमी तीन महिने बाद. आबांकडे तीन महिने आहेत का?"

कुंदन डबा मांडीवर घेऊन खालीच बसला. बराच वेळ झाकण लावत राहिला, ते लागेना.

"अक्का, मी चांगल्यासाठीच देत होतो गं त्यांना."

"माहीत आहे रे."

मला खरं तर त्याला चार शब्द सुनवायचे होते, घरून तयार करून आणलेले. पण एवढा पन्नाशीला आलेला माणूस डब्याच्या झाकणाशी झटापट करताना बघितला आणि ते शब्द मी तसेच गिळले. तेवढंच काय ते मी त्या दिवशी गिळलं.

दुपारी पिशवी उचलली. आबांनी डोळे उघडले.

"आठ दिस नाई झाले."

"नाही झाले," मी म्हटलं, आणि जळगावची बस धरली, तिथून धुळ्याची.

डॉक्टरांना फोन केला. त्या आधी रागावल्या, मग मोतीलालकाकांचा निवाडा ऐकून इतक्या हसल्या की फोन त्यांच्या हातून पडला असावा. म्हणाल्या, "तुमचं नेहमीचं खाणं सुरू करा. पोट बसलं की पुन्हा सगळं तपासू." मी भाकरी, ताक, भाजी यांच्या आश्रयाला गेले. दोन दिवसांत पोट जागेवर आलं. आमच्या यांनी त्यावर एवढंच म्हटलं, "माहेर सोसनं नही तुले." दुसऱ्या तपासणीतही मी पास.

ठरलेल्या दिवसाच्या आदल्या दिवशी आबांना हॉस्पिटलात भरती केलं. संमतीचा कागद आला. आबांना चष्म्यानेही वाचवेना, म्हणून पितांबरने मोठ्याने वाचला. "देणाऱ्याचं नाव, सौ. बेबाबाई जीवराम. राहणार देवपूर, धुळे."

आबांनी हातातला पेन पांघरुणावर ठेवला.

"चारच दिस राह्यली ती. हे धुळ्याचंच आहे."

मग मात्र माझा तोल गेला. हॉस्पिटलात, नर्सबाईंच्या देखत, आयुष्यात पहिल्यांदा मी आबांशी चढ्या आवाजात बोलले.

"हो, धुळ्याचंच आहे! तीस वर्षं मी तिथलं पाणी पिते, सासूच्या विरजणाचं ताक पिते, तिथल्या चुलीवरचं, नि मग गॅसवरचं खाते. तुम्ही मला दिलं ना त्या घरात? मग त्या घराने मला आतून-बाहेरून त्यांची केली. देताना तुम्ही फार विचार केला नाही, आता घेताना एवढा विचार? फैजपूरचं माझ्यात काही उरलं असेल तर ते..."

पुढे काय म्हणायचं ते मला सापडेना. उरलं असेल तर ते काय? हट्टीपणा असावा बहुतेक. नर्सबाई सलाइनची नळी उगाचच तपासू लागल्या.

डॉ. समीक्षा दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बेबाबाई, अगदीच तसं नाही. पहिली पेरणी आईची असते. जन्मताना, मग दुधातून, मांडीवरून. पुढे घर, अन्न, पाणी यांचे जंतू येत-जात राहतात. पण आईकडून आलेल्यातले काही वर्षानुवर्षं टिकलेले असू शकतात."

आबांनी मान वळवली. "कोनाकडून?"

"आईकडून."

"म्हंजे पारवताकडून?"

पार्वता म्हणजे माझी आई. तिला जाऊन एकोणीस वर्षं झाली. आबा तिचं नाव घेत नाहीत. जिवंत होती तेव्हा "अवं" म्हणायचे, गेल्यावर "ती".

"असू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "खात्रीने नाही सांगता येणार हं."

पण आबांनी "असू शकतं" एवढंच ऐकलं होतं. पितांबरने मात्र सगळं नीट ऐकलं होतं.

"मग आमच्यातही आईचे असतील की!" तो म्हणाला. त्याला लागलं होतं ते.

डॉक्टरांनी त्याच्या फायलीकडे बघितलं. "होते," त्या म्हणाल्या.

आबा छताकडे बघत होते. मग पांघरुणावरचा पेन चाचपडत म्हणाले, "पारवता तं याच घरची. तिचं घ्याले काय पाप?"

मी तेव्हा सांगू शकले असते की आईचा एक असला तर त्याच्यामागे धुळ्याचे हजार आहेत. आपलं म्हणणं अर्धवट सोडायची मला सवय नाही. पण सही करताना कागद पांघरुणावरून घसरत होता, म्हणून मी तो धरून ठेवायला पुढे झाले, आणि बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला माल ताजा हवा होता. हॉस्पिटलने मला झाकणाचा डबा दिला आणि कोपऱ्यातल्या स्वच्छतागृहाची वाट दाखवली. मी आत गेले. बाहेर पितांबर, कुंदन, दिपमाला आणि कुणी न बोलावलेले मोतीलालकाका.

सव्वाआठ झाले.

"अक्का, होतंय का?" कुंदन.

"गरम पाणी देऊ का?" दिपमाला.

"तिले घाबरवू नका रे, नाईतं ते येतच नाई," मोतीलालकाका. हा त्यांचा पहिला निवाडा जो मला पटला.

आता सांगा, अशात कुणाला होईल? लग्नाला, बारशाला, माझ्या मुलीच्या निकालाला, कशालाही माझं माहेर असं दाराशी ताटकळलं नव्हतं. मी आत डबा घेऊन बसलेली, डोळ्यांत पाणी येतंय की हसू, तेच कळेना. तेवढ्यात बाहेर चाकांचा आवाज झाला. आबांना दुर्बिणीच्या खोलीकडे नेत होते.

"थांबा," त्यांचा आवाज आला, बारीक पण पहिल्यासारखा हुकमी. "बठे जन दूर व्हा दारापासून. बेबा, तू आरामानं कर. आपल्याले घाई नाई."

सगळे दूर झाले. पाच मिनिटांत माझं काम झालं.

तिसऱ्या दिवशी आबा दोनदाच गेले. पाचव्या दिवशी त्यांना भूक लागली, आणि त्यांनी दिपमालाच्या उपम्याला नाव ठेवलं, तेव्हा डॉक्टर म्हणाल्या की रोपं धरलेली दिसतात. पंधरा दिवसांनी फैजपूरला परतले. कुंदनने डबा मोकळा केला. आता त्यात खरंच बिस्किटं आहेत आणि पितांबर ती चोरून खातो.

आबा मला कधी फोन करत नसत. दिलेल्या लेकीला काय फोन करायचा! आता रोज सकाळी सातला येतो. इतरांचे वडील फोनवर जावयाची, नातवंडांची चौकशी करतात. माझे वडील मला त्यांच्या शौचाचा अहवाल देतात. त्यांचं म्हणणं बरोबर आहे, दुसऱ्या कुणाला सांगणार? मग मीही पीठ मळता मळता गंभीरपणे ऐकते.

परवा म्हणाले, "आज तीनदा."

"काल काय खाल्लं होतं?"

पलीकडे फोन या कानावरून त्या कानावर गेला.

"आबा?"

"मोतीलालच्या नातवाचा वाढदिवस होता. केक."

"किती?"

"एवढासा. म्हटलं पाहू, ते जंतू टिकतात का."

"तुमची लागवड अजून नवी आहे. आणि माझं नाही, निदान आईचं तरी बघा. तिला कशाला त्रास?"

पलीकडे फ्रिजचं दार उघडल्याचा आवाज आला.

"तिले आवडला असता पन," आबा म्हणाले. "कोनी तिले देल्लाच नाई कधी. म्यांच कुठी आनला?" मग घसा साफ केला. "फ्रिजात अजून एक तुकडा आहे. तिच्या नावानं खाऊ का?"

"अर्धा," मी म्हटलं.